बिनदुधाची साय

बडोद्याहून आणंद रेल्वेनं तासाभराच्या आत येतं. १९४६ साली तिथं खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ उभा राहिला. त्रिभुवनदास पटेलांनी गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र बांधलं, १९४९ मध्ये वर्गीस कुरियन तिथं आले आणि १९७० पासून ‘ऑपरेशन फ्लड’नं तोच नमुना देशभर नेला. अशा मुलुखात राहून, दुधाचा थेंबही नसलेल्या आणि पावाला, भाकरीला, खाखऱ्याला लावायच्या मऊसूत वाटणांवर पुस्तिका काढायची, तर आधी भूमिका मांडायला हवी. ही पुस्तिका दुधाच्या विरोधात लिहिलेली नाही. ज्यांना दूध चालत नाही त्यांच्या बाजूनं ती लिहिली आहे, आणि आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून असलेली एक विद्या नव्या कामाला लावण्यासाठी लिहिली आहे.

दूध न चालणाऱ्यांची संख्या आपण समजतो त्याहून मोठी आहे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होतं, आणि बहुतेक माणसांत अंगावरचं दूध सुटल्यानंतरच्या वर्षांत ते कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोन-तृतीयांश प्रौढांमध्ये ते बरंच घटलेलं असतं. त्यांतल्या अनेकांना दही, ताक किंवा जुनं चीज सोसतं. दुधाची पावडर घातलेलं बाजारी स्प्रेड मात्र पोट फुगवतं. दुधाची ॲलर्जी ही याहून वेगळी आणि गंभीर गोष्ट. तिथं शरीर दुधातल्या प्रथिनांनाच शत्रू समजतं, म्हणून चमचाभर साय किंवा चीज लागलेली सुरीसुद्धा चालत नाही. तिसरा गट विचारपूर्वक प्राणिज पदार्थ सोडलेल्यांचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये व्हेगन अन्नासाठी स्वतंत्र नियम केले, त्यावरून या गटाची दखल आता कायद्यानंही घेतली आहे हे दिसतं.

या तिघांनाही रोज अडते ती न्याहारी आणि डबा. भात-आमटी-भाजीत दूध नसतंच. पण मुलांच्या डब्यातलं सँडविच, प्रवासातला पाव, संध्याकाळचा खाखरा इथं लोणी, चीज किंवा मेयोनीज हजर असतं. अंडं नसलेल्या मेयोनीजमध्ये अनेकदा दुधाचे घटक असतात, हे बाटलीमागचा मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही. मग त्या मुलाच्या डब्यात कोरडा पाव आणि जॅम जातो. चार मुलं डबे उघडून एकमेकांचं खातात आणि हे एक मूल हात आखडून बसतं. ही गोष्ट मला बोचते, आणि ती घरच्या घरी सोडवता येते हे मला ठामपणे सांगायचं आहे.

साय, लोणी, क्रीम चीज जिभेला रेशमी का लागतात? त्यांत स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात पसरलेले असतात, किंवा लोण्याच्या बाबतीत पाण्याचे थेंब स्निग्धांशात असतात. जिभेला कण जाणवत नाही इतकं ते मिश्रण बारीक असतं. प्रथिनं आणि लेसिथिनसारखे घटक ते थेंब एकमेकांत मिसळू देत नाहीत. स्निग्धांश, पाणी, प्रथिन आणि बारीकपणा या चार गोष्टी जमल्या की मऊपणा येतो, आणि त्यांतली एकही दुधाच्या मालकीची नाही. काजूत सुमारे ४५ टक्के स्निग्धांश असतो. शेंगदाण्यात आणि तिळात तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असतो. शंभर ग्रॅम काजू शंभर मिलिलिटर पाण्यात गंधासारखे वाटले, तर त्या वाटणात बावीस-तेवीस टक्के स्निग्धांश येतो. बाजारात मिळणाऱ्या फ्रेश क्रीमच्या डब्यावर जवळपास एवढाच आकडा असतो. शिवाय काजूत पिष्ट असतं. ते गरम केल्यावर फुगतं आणि मिश्रण दाट करतं.

आपल्या घरांनी हे शास्त्र शब्दांत मांडलं नसेल, पण हातांनी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरलं. ओलं खोबरं आणि कोथिंबीर पाट्यावर वाटून आमटीला दाटपणा आणणं, नारळाचं दूध काढून त्यात कोकमाचं आगळ घालून सोलकढी करणं, मिरची-शेंगदाण्याचा ओला ठेचा, काजूचं पांढरं वाटण : हे सगळे बिनदुधाचे मऊ पदार्थच आहेत. खानदेशी भरीत घ्या. भाजलेलं वांगं, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, तेल आणि शेंगदाणे, बस्स. दह्याचा स्पर्श नाही, तरी लोण्यासारखं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. खानदेशाच्या शेजारच्या मालेगाव भागातल्या कवळाणे गावाहून १८७५ साली एक मुलगा दत्तक म्हणून बडोद्याला आला आणि पुढं महाराज सयाजीराव गायकवाड झाला. त्या काळात आणि त्याआधीही दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांत वसलेल्या मराठी घरांनी आपली भरितं आणि ठेचे इथं आणले. गुजराती शेजाऱ्यांकडं वांग्याचा ओळो होताच. दोन्ही ताटं एकमेकांना ओळखत होती.

बडोद्याचं सेव-उसळ हे या शेजाराचं सगळ्यांत लाडकं फळ. पांढरा वाटाणा, तिखट तरी, वरून शेव आणि कांद्याची पात, सोबत पाव. तोच पांढरा वाटाणा भिजवून, मऊ शिजवून, गरम असतानाच तीळ आणि लिंबाबरोबर वाटला, तर भूमध्य समुद्राकाठचे लोक काबुली चण्याचा हमस करतात त्याच्या बरोबरीचा पदार्थ होतो. त्याला परदेशी सामान लागत नाही. आठवड्याच्या वाणसामानात जे असतं त्यातच तो होतो, म्हणून या पुस्तिकेत त्याला मानाचं स्थान दिलं आहे.

बिनदुधाच्या आहाराचा एक मोठा प्रयोगही आमच्या शेजारच्या जिल्ह्यात झाला आहे. गांधीजींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलं. १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचा मुख्य आहार शेंगदाण्याचं वाटण आणि लिंबू हा होता. त्याच वर्षी नडियादला त्यांना आमांशाचा मोठा आजार झाला. आपण ते वाटण प्रमाणाबाहेर खाल्लं, असं त्यांनी आत्मकथेत मोकळेपणानं लिहिलं आहे. पुढं कस्तुरबा आणि डॉक्टरांच्या आग्रहावरून त्यांनी शेळीचं दूध घेतलं. या हकिकतीतून मी दोन गोष्टी घेते. शेंगदाणा आणि लिंबू ही जोडी या मातीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आणि दाण्याचं वाटण जड असतं. ते पावाला लावायला आहे, पोट भरायला नाही.

बडोद्याला आहाराचा विचार शास्त्रानं करण्याची सवय आहे. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्या कारकिर्दीत गृहविज्ञान ही विद्यापीठातली मानाची शाखा झाली. स्वयंपाकघरातलं काम अभ्यासाच्या योग्यतेचं आहे, हे त्या शाखेनं इथल्या कितीतरी घरांना शिकवलं. ही पुस्तिका त्याच वृत्तीनं वाचावी : प्रत्येक कृतीत काय करायचं याबरोबर ते का करायचं हेही सांगितलं आहे.

आता मूळ कृती. पुढचे सगळे प्रकार हिच्यावर बेतलेले आहेत, म्हणून ती प्रस्तावनेतच देते.

शंभर ग्रॅम काजू चार तास भिजवा. उन्हाळ्यात बडोद्याचा पारा चाळिशीच्या पुढं जातो, तेव्हा भिजवणं फ्रिजमध्येच करा, नाहीतर पाणी आंबतं. घाई असेल तर उकळत्या पाण्यात तासभर ठेवले तरी चालतात. ते पाणी टाकून द्या. चटणीच्या लहान भांड्यात काजू, पाऊण चमचा मीठ, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एक मोठा चमचा तेल आणि चार-पाच मोठे चमचे थंडगार पाणी घालून वाटा. मिक्सर सलग चालवू नका. अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडून आत घ्या, पुन्हा फिरवा. सलग फिरवल्यानं वाटण तापतं, तेल सुटतं आणि चव उतरते. चिमटीत घेऊन चोळल्यावर रवा जाणवला नाही की झालं. घट्ट हवं असेल तर साध्या तेलाऐवजी खायचं खोबरेल घाला. ते पंचवीस अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळं फ्रिजमधून काढलेलं स्प्रेड सुरीनं कापता येण्याइतकं बसतं. मात्र मे महिन्याच्या डब्यात ते वितळेल, हे लक्षात ठेवा.

भाजी या वाटणात दीडशे ग्रॅमपर्यंत मावते, पण तिचं पाणी आधी काढावं लागतं. बिनदुधाची बहुतेक स्प्रेड याच एका कारणानं बिघडतात. गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची तव्यावर किंवा भट्टीत भाजून घ्या : पाणी उडतं आणि गोडवा एकवटतो. फ्लॉवर वाफवून फडक्यात पिळा. काकडी किसून, मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळा. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. त्यानं रंग उडवणारी विकरं थांबतात आणि हिरवेपणा टिकतो. आंबट पदार्थ मात्र हिरव्या रंगाचा वैरी आहे. आम्लात हरितद्रव्य शेवाळी तपकिरी होत जातं, म्हणून हिरव्या प्रकारांत लिंबू अगदी शेवटी घाला.

पानं कधीही काजूबरोबर वाटू नयेत. वाटली की सगळं एकरंगी, एकचवी होतं. धुऊन, कोरडी करून, बारीक चिरून शेवटी कालवावीत. युरोपात अशा स्प्रेडमध्ये पार्सली आणि चाइव्ह घालतात. आपण त्यांच्यामागं का धावायचं? लसणीची पात चाइव्हपेक्षा उग्र आणि सुंदर आहे. शेपू त्यांच्याकडच्या डिलचाच भाऊबंद. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, कोवळी मेथी, ओव्याची पानं, तळून चुरलेला कढीपत्ता : एवढी दौलत हाताशी असताना वाळलेल्या परदेशी पाल्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. कालवल्यावर स्प्रेड चार तास फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्या वेळात मीठ, आंबटपणा आणि पानांचा वास एकमेकांत मुरतो.

काजू महाग आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून या पुस्तिकेत काजू हा एक पाया आहे, एकमेव नाही. गुजरात ही भुईमुगाची भूमी आहे. कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजवून, दहा मिनिटं उकळून, सालं काढून वाटले की त्यांचा कच्चट वास जातो आणि पांढरं, मऊ वाटण मिळतं. दाणे निवडून घ्या. बुरशी आलेला, काळपट किंवा कडू दाणा वाटणात गेला तर चवीबरोबर आरोग्यही बिघडतं, कारण त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. तीळ, मगज, पांढरा वाटाणा, पंढरपुरी डाळं, ओलं खोबरं हे बाकीचे पाये. काजू, शेंगदाणा आणि तीळ या तिन्हींचीही ॲलर्जी असू शकते. पाहुण्यांना वाढण्याआधी विचारायचं, ही सवय घरात लावून घ्या.

बडोद्याचं वर्ष भाजीवाल्याच्या टोपलीत वाचता येतं, आणि पुस्तिकेची रचना त्याच क्रमानं केली आहे. पहिला भाग हिवाळ्याचा. खंडेराव मार्केटमध्ये तेव्हा लिलवा, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, येतात. बडोदेकर त्यांच्या कचोऱ्या करतात. इथं ते वाफवून, हिरव्या लसणीबरोबर वाटून स्प्रेड केलं आहे. चौदा जानेवारीला उत्तरायणाच्या दिवशी सगळं गाव गच्चीवर असतं. एका हातात मांजा असताना दुसऱ्या हातानं खाता येईल असं काही हवं असतं. उंधियू आणि चिक्कीच्या जोडीला लिलव्याचं स्प्रेड लावलेला खाखरा तिथं उत्तम जमतो. दुसरा भाग उन्हाळ्याचा : कैरी, पुदिना, काकडी. इथं लिंबाची जागा कैरी घेते. तिसरा पावसाळ्याचा. त्या दिवसांत पालेभाज्या चिखलानं भरलेल्या असतात, म्हणून या भागात भाजलेला भोपळा, वांगं, मक्याचं कणीस आणि मोजकीच पानं आहेत. चौथा भाग शेजाऱ्यांसाठी आहे. आमच्या गल्ल्यांत जैन आणि स्वामिनारायण पंथाची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. कांदा-लसणीशिवाय, आणि जैन घरांसाठी कंदमुळांशिवाय, कच्च्या केळ्याच्या पायावर केलेले प्रकार या भागात दिले आहेत. दूध न चालणाऱ्याची अडचण दूर करताना दुसऱ्या कोणाला ताटाबाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही.

टिकवणीबद्दल मी कडक आहे, आणि वाचकांनीही असावं. हे ताजं अन्न आहे. काचेच्या, उकळून कोरड्या केलेल्या बरणीत, फ्रिजमध्ये चार दिवस, त्यापुढं नाही. कच्ची लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. हवा नसलेल्या, आंबट नसलेल्या अशा जागी बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्यांच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. लिंबू चवीसाठी आहे तितकंच सुरक्षिततेसाठीही आहे, म्हणून प्रमाण कमी करू नका. पण लिंबू घातलं म्हणून बरणी बाहेर ठेवायची सवलतही मिळत नाही. डब्यात द्यायचं असेल तर सकाळी लावा, दुपारी संपवा. उरलेलं परत बरणीत घालू नका.

पोषणाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. मऊपणात ही वाटणं सायीची जागा घेतील, पोषणात दुधाची जागा आपोआप घेणार नाहीत. शंभर मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. काजूत ते फारच कमी. बिनपॉलिशच्या तिळात ते भरपूर असतं, पण त्यातलं सगळं शरीराला लागत नाही. नाचणी, पालेभाज्या, तीळ यांचा आहारात नियमानं समावेश करावा लागतो. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. दूध पूर्ण सोडलेल्यांनी, आणि विशेषतः वाढत्या मुलांच्या पालकांनी, त्याबद्दल डॉक्टरांशी बोलावं. घरचं स्प्रेड ही न्याहारीची सोय आहे. ते औषध नाही आणि त्यावर तसा भार टाकू नये.

नक्कल करणं हा या पुस्तिकेचा हेतू नाही, हेही सांगून ठेवते. चीजसारखं लागतं का, हा प्रश्न विचारत हे पदार्थ खाल्ले तर ते नेहमी थोडे कमी पडतील. लिलवा आणि हिरव्या लसणीचं वाटण चीजसारखं लागत नाही. ते लिलवा आणि हिरव्या लसणीसारखं लागतं, आणि बडोद्याच्या थंडीत त्याहून चांगलं काही पावाला लावता येईल असं मला वाटत नाही. कांजी किंवा आंबवलेल्या वाटणाचे प्रकारही पुढं आहेत. त्यांचा आंबटपणा चीजची आठवण देईल, पण त्यांना त्यांच्या नावानंच वाढा.

वाचकांना माझी एक विनंती आहे. पहिल्यांदा करताना मापं तंतोतंत पाळा. दुसऱ्यांदा करताना आपल्या घरची भाजी, आपल्या घरचं आंबट आणि आपल्या घरचा तिखटपणा घाला. वाटण हे प्रत्येक घराचं वेगळं असतं आणि तसंच असावं. आणि करायला घ्याल तेव्हा एक वाटी जास्त करा. तुमच्या मुलांच्या वर्गात, तुमच्या सोसायटीत, तुमच्या कचेरीत दूध न चालणारं कोणीतरी नक्की असेल. त्यांना विचारा, ॲलर्जी कशाची आहे ते नीट समजून घ्या, आणि स्वच्छ सुरीनं लावलेला एक पाव त्यांच्यापुढं ठेवा.